समाजशास्त्र, साक्ष आणि गीबत

बारावीचा निकाल लागल्यावर घरातील मुलीने समाजशास्त्र घेऊन बी.ए. करण्याची इच्छा बोलून दाखवली, की आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पहिला प्रश्न पोटापाण्याचा निघतो. तो प्रश्न गैर नाही आणि त्याचे उत्तरही फार अवघड नाही. स्पर्धा परीक्षा, अध्यापन, समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण, सर्वेक्षणे करणाऱ्या संस्था, पत्रकारिता अशा वाटा या पदवीपुढे आहेत. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीच्या मानाने त्या अरुंद आहेत आणि त्यांवरून चालणाऱ्याला धीर धरावा लागतो, इतकेच. त्यावर येथे अधिक लिहीत नाही.

वाचकहो, या प्रश्नाच्या मागे आणखी एक प्रश्न उभा असतो. तो सहसा उघडपणे विचारला जात नाही. पण वडीलधाऱ्यांच्या मनात असतो, आणि अनेकदा त्या मुलीच्या मनातही असतो. ज्या विषयात धर्मालाही विवाह, बाजार, राज्य यांच्या रांगेत बसवून एक सामाजिक संस्था म्हणून तपासले जाते, ज्या विषयात स्वतःच्या मोहल्ल्याकडे व बिरादरीकडे परक्याच्या नजरेने पाहायला शिकवले जाते, तो विषय ईमान बाळगणाऱ्याने शिकावा काय? नीट पाहिले तर हे दोन प्रश्न आहेत. पहिला श्रद्धेचा, दुसरा निष्ठेचा. पहिल्याचा गाजावाजा फार होतो. माझ्या मते दुसरा अधिक अवघड आहे आणि त्याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही.

पहिल्यापासून सुरुवात करू. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच विद्यार्थ्याची गाठ एमिल दुर्खीम या फ्रेंच विचारवंताशी पडते. रब्बींच्या घराण्यात जन्मलेल्या, पण पुढे श्रद्धेपासून दूर गेलेल्या या माणसाने १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे मांडले, की माणसे ज्याला पवित्र मानून नमतात, ती वस्तुतः त्यांच्या समाजाचीच शक्ती असते. समूह स्वतःचेच पूजन करीत असतो आणि त्याला ते ठाऊक नसते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने हे प्रथम वाचले आणि त्याच रात्री इशाच्या जमातीत खांद्याला खांदा लावून उभा राहिला, तर त्याच्या मनात काहूर उठणे स्वाभाविक आहे. त्याला 'असली पुस्तके वाचू नकोस' असे सांगणे हा उपाय नव्हे. त्याने ती वाचली आहेत. आता प्रश्न फक्त इतकाच, की त्यांवर तो घरात कोणाशी बोलू शकतो की नाही.

विचार करा. एखादी गोष्ट माणूस कशी मानू लागला हे सांगणे, आणि ती गोष्ट खरी की खोटी हे सांगणे, ही दोन वेगळी कामे आहेत. एखाद्या मुलाने पाढे मास्तरांच्या छडीच्या धाकाने पाठ केले असतील. म्हणून बारा बारे चव्वेचाळाशे हे खोटे ठरत नाही. दुसऱ्या कोणी ते आईच्या मांडीवर बसून लाडाने पाठ केले असतील. म्हणून ते अधिक खरेही होत नाही. समाजशास्त्र मुलगा पाढे कसा शिकला हे सांगू शकते. पाढा खरा आहे काय, हा त्याचा प्रांतच नव्हे. पीटर बर्गर या समाजशास्त्रज्ञाने १९६७ साली धर्मावर लिहिलेल्या ग्रंथात हा भेद स्पष्ट केला. अभ्यासाच्या पद्धतीत ईश्वराचा प्रश्न बाजूला ठेवावा लागतो, परंतु त्यावरून ईश्वर नाही असा निष्कर्ष काढता येत नाही, अशी त्याची भूमिका होती. आणि तो स्वतः ख्रिस्ती श्रद्धा बाळगणारा होता. काही शिक्षक वर्गात ही मर्यादा ओलांडतात, शास्त्राला जे म्हणता येत नाही तेही शास्त्राच्या नावावर म्हणतात, हे खरे आहे. त्यांना प्रश्न विचारण्याइतके शास्त्र तरी विद्यार्थ्याला यायला हवे ना? ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या धर्मावरून सर्व धर्मांचे मूळ शोधणारा दुर्खीम स्वतः ऑस्ट्रेलियात कधी गेलाच नव्हता, इतरांच्या वृत्तान्तांवर विसंबून होता, ही गोष्टही त्याच अभ्यासातून कळते.

दुसरे असे, की धर्माला केवळ लौकिक उपयोगाच्या तराजूत तोलण्याचे काम आपणही काही कमी करीत नाही. नमाज हा उत्तम व्यायाम आहे, रोजाने पचनसंस्थेला विश्रांती मिळते, वुजूने त्वचेचे रोग टळतात, अशी भाषणे आपल्या जलशांतून वर्षानुवर्षे होतात आणि आपण समाधानाने माना डोलावतो. दुर्खीम म्हणतो की सामूहिक उपासनेने समाज एकत्र बांधला जातो. आपले वक्ते म्हणतात की तिने गुडघे मजबूत होतात. दोहोंत अल्लाहसमोर नमण्याचा अर्थ बाजूलाच राहतो. मला तर दुर्खीम त्यातल्या त्यात अधिक गंभीर वाटतो.

आणि आपण मुसलमान आहोत ते मुसलमान घरात जन्मलो म्हणून, हा शोध समाजशास्त्राच्या वर्गात लागला तर त्यात घाबरण्यासारखे काय आहे? वाडवडिलांना ज्या मार्गावर पाहिले त्यावरच आम्ही चालणार, असे म्हणणाऱ्यांना पवित्र कुरआनने ठिकठिकाणी फटकारले आहे. सूरह अल्-बकराची एकशे सत्तरावी आयत पाहावी. ती ताकीद केवळ मक्केच्या मूर्तिपूजकांसाठी होती, आपल्याला लागू नाही, असे मानून आपण निर्धास्त राहतो. समाजशास्त्राचे पुस्तक आपल्या निवांतपणाला धक्का देते, तेव्हा नकळत ते त्याच ताकिदीची आठवण करून देत असते. वारसाने मिळालेले ईमान समजून-उमजून स्वतःचे करणे हे काम प्रत्येकाला कधी ना कधी करावेच लागते.

येथे अब्दुर्रहमान इब्न खल्दूनची आठवण येणे अपरिहार्य आहे. १३३२ साली ट्यूनिसमध्ये जन्मलेला, प्लेगच्या महामारीत आईवडील गमावलेला, अनेक दरबारांत वावरलेला आणि पुढे कैरोत मालिकी काजी झालेला हा विद्वान. १३७७ साली आजच्या अल्जीरियातील एका एकाकी गढीत बसून त्याने आपल्या इतिहासाची प्रस्तावना, म्हणजे 'मुकद्दिमा', लिहिली. 'समाजशास्त्राचा जनक मुसलमान होता' एवढे सांगून आपण छाती फुगवतो आणि ग्रंथ मात्र उघडत नाही. त्याने केले काय, ते पाहण्याजोगे आहे. हजरत मूसा (अलै.) यांच्यासोबतच्या सैन्यात सहा लाखांहून अधिक पुरुष होते, असे जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवले होते. इब्न खल्दूनने ही बातमी कोणी सांगितली एवढेच पाहिले नाही. इतके सैन्य एका रणांगणात मावेल काय, एका टोकाला काय चालले आहे हे दुसऱ्या टोकाला कळेल काय, याकूब (अलै.) यांच्यापासून मूसांपर्यंतच्या मोजक्या पिढ्यांत इतकी प्रजा वाढेल काय, असे त्याने विचारले आणि ती संख्या अमान्य केली. सांगणारा प्रामाणिक आहे काय हे पाहण्याआधी, सांगितलेली गोष्ट मानवी वस्तीच्या स्वभावात बसते काय हे पाहावे, असा त्याचा आग्रह होता. या मानवी वस्तीच्या शास्त्रालाच त्याने 'उमरान'चे शास्त्र म्हटले. त्याच्या सच्च्या मुसलमानपणात याने काही उणे आले नाही.

सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत आदेश आहे, की कोणी अविश्वासू माणूस बातमी घेऊन आला तर तिची शहानिशा करा. एरवी अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा कराल आणि मग पस्तावाल. येथे व्यक्तीला नव्हे, समूहाला होणाऱ्या इजेचा उल्लेख आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याच देशातील एक उदाहरण घ्या. मुसलमानांची मुले शाळेत जात नाहीत, मदरशात जातात, असे आपल्या विरोधकांना वाटत होते. आणि गंमत म्हणजे आपल्यातील अनेकांनाही तसेच वाटत होते. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये दिलेल्या अहवालातून दिसले, की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुले शेकडा तीन-चार एवढीच आहेत. त्याच अहवालाने भारतीय प्रशासकीय सेवेत मुसलमान सुमारे ३ टक्के आणि पोलीस सेवेत सुमारे ४ टक्के आहेत, हेही दाखवले. तोवर लांगूलचालनाचा आरोप करणारा एका बाजूला आणि अन्यायाची तक्रार करणारा दुसऱ्या बाजूला, दोघेही अंदाजाने बोलत होते. आकडे गोळा करणे, घरोघर जाऊन विचारणे, विचारलेले पुन्हा तपासणे हे ज्यांना येते त्यांनी ते काम केले. ज्या समाजात ही विद्या शिकलेली माणसे नसतात, त्याच्याविषयीची बातमी नेहमी दुसराच कोणी घेऊन येतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला. पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्रमुख. त्यांच्यानंतर मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो विभाग वाढवला, आणि त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास अशी माणसे घडली. मराठी मुलखाला हे शास्त्र परके नाही. परंतु घुर्ये व त्यांच्या बहुतेक शिष्यांच्या लेखनाचा भर हिंदू समाजव्यवस्थेवर होता. त्यामुळे आजही आपली मुलगी 'भारतीय समाज' या विषयाचे पुस्तक उघडते तेव्हा तिला जात, खेडे, एकत्र कुटुंब यांची वर्णने पानोपानी मिळतात आणि आपली माणसे भेटतात ती बहुधा विवाह आणि तलाकच्या प्रकरणात. हे बदलायचे तर लिहिणारी माणसे आपल्यातून निघायला हवीत, यावर आपले सर्वांचे एकमत होईल. मात्र ती मुलगी लिहू लागली, की एकमत संपते.

कारण ती काय लिहील? समजा, तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने आपल्याच गावातील मुसलमानांच्या रोटी-बेटी व्यवहाराचा विषय घेतला. बागवान, आतार, तांबोळी, मणियार, पिंजारी, मोमीन, कुरेशी, छप्परबंद, शिकलगार, मुलाणी, फकीर. ही नावे आपल्याला सांगावी लागत नाहीत. मशिदीत एका सफेत उभे राहणारे हे लोक मुलीचा रिश्ता शोधताना किती वेळा ही रेषा ओलांडतात, हे तिने मोजले. कोणाच्या घरचे ताट कोण टाळतो हे विचारले. हुंडा हा शब्द न उच्चारता 'मुलीला जे द्यायचे ते द्या' म्हणून काय काय घेतले जाते, याची यादी केली. वारसाहक्कात बहिणींना त्यांचा शरई हिस्सा प्रत्यक्षात किती घरांत मिळाला आणि किती घरांत त्यांच्याकडून 'माफ' करवून घेतला गेला, याचीही नोंद केली. मुसलमानांतील जातिसदृश भेदांवर इम्तियाज अहमद यांनी संपादित केलेला ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध झाला आणि सच्चर अहवालानेही अश्राफ, अजलाफ, अरजाल या भेदांची दखल घेतली. म्हणजे विषय काही नवा नाही. पण ग्रंथात दूरच्या प्रांताविषयी वाचणे निराळे आणि शेजारच्या मुलीने आपल्याच गल्लीविषयी लिहिणे निराळे.

मग लोक म्हणतात, ही गीबत आहे. आणि त्यात भर घालतात, की आधीच चोहोकडून बोटे रोखलेली असताना घरातील धुणे चव्हाट्यावर का आणावे?

या आक्षेपाची टवाळी करू नये. तो दोन पायांवर उभा आहे आणि दोन्ही पाय मजबूत आहेत. गीबतीची जी व्याख्या पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी केली, ती सहीह मुस्लिममध्ये आहे. तिचा आशय असा, की आपल्या भावाविषयी त्याला नावडेल असे बोलणे म्हणजे गीबत. ते खोटे असेल तर त्याला गीबत नव्हे, बोहतान म्हणतात. म्हणजे 'मी खरे तेच लिहिले' एवढा बचाव येथे चालतच नाही. समाजशास्त्राची पाठ्यपुस्तके सत्यनिष्ठेवर भर देतात. येथे त्याहून पुढची अट आहे. दुसरा पाय असा, की लिहिलेला कागद कोणाच्या हाती पडेल यावर लिहिणाऱ्याचे नियंत्रण नसते. बहिणीचा हिस्सा बुडवणारे सर्व धर्मांत आहेत; परंतु आपल्याविषयीचा तो आकडा बहिणीला हिस्सा मिळावा म्हणून वापरला जाईल, की साऱ्या समाजाला झोडपण्यासाठी, हे आजच्या दिवसांत सांगवत नाही.

तरीही माझे मत असे आहे, की तिने लिहावे. त्याचा आधार आधुनिक विचारांत शोधण्याआधी आपल्याच परंपरेत शोधावा, कारण तो तेथे भरपूर आहे. इमाम नववी (रह.) यांनी, ज्यांचे 'रियाजुस्सालिहीन' आपल्या कित्येक घरांत असते, गीबत ज्या प्रसंगी जायज ठरते असे सहा प्रसंग नोंदवले आहेत. अन्यायाची दाद मागणे, वाईट गोष्ट थांबवण्यासाठी मदत मागणे, फतवा विचारताना परिस्थिती सांगणे, लोकांना धोक्याची सूचना देणे हे त्यांतील काही होत. फातिमा बिन्त कैस (रजि.) यांना दोघांकडून मागणे आले, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना एकाची गरिबी आणि दुसऱ्याचा कठोर स्वभाव स्पष्ट सांगितला. एका स्त्रीचे आयुष्य पणाला लागले असता दोन नामवंत पुरुषांची उणीव झाकून ठेवली गेली नाही. गल्लीतील शंभर मुलींचे आयुष्य पणाला लागले असता काय झाकून ठेवावे, हे आपणच ठरवा.

त्याहून मोठा आधार हदीसशास्त्राचा आहे. जरह व तअदील ही विद्या म्हणजे काय? हदीस सांगणाऱ्या हजारो माणसांविषयी, ती सच्ची होती काय, विसराळू होती काय, खोटे बोलत होती काय, हे नावानिशी लिहून ठेवणे. ते सांगणारे परके नव्हते. उम्मतचेच होते, कित्येक नेक होते, नमाजी होते. इमाम बुखारी (रह.) यांचे उस्ताद अली इब्नुल मदीनी यांना त्यांच्या स्वतःच्या वडिलांविषयी विचारले गेले, अशी नोंद आहे. त्यांनी आधी 'दुसऱ्या कोणाला विचारा' असे म्हणून टाळले. लोकांनी पुन्हा विचारले. त्यांनी मान खाली घातली, आणि मग सांगितले की हा दीनचा मामला आहे, वडिलांचे कथन कमजोर आहे. मान खाली घालणे आणि तरीही सांगणे, या दोन्ही गोष्टी त्या नोंदीत आहेत. समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना पद्धतिशास्त्राच्या पुस्तकांसोबत ही नोंदही वाचायला मिळावी, असे मला वाटते. कारण आपल्या माणसांविषयी लिहिताना एखाद्याची मान खाली जातच नसेल, तर त्याच्या हातातील लेखणीवर मी लवकर विश्वास ठेवणार नाही. सूरह अन्-निसाच्या एकशे पस्तिसाव्या आयतीत स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध व नातलगांविरुद्ध जात असली तरी न्यायाची साक्ष देण्याचा जो आदेश आहे, तो पाळणाऱ्याला यातना होणारच. त्याविना तो आदेश देण्याची गरजच काय होती?

परंतु साक्ष आणि चहाडी यांत फरक आहे आणि तो फरक हेतूवर व रीतीवर अवलंबून आहे. साक्ष जिथे न्याय होऊ शकतो तिथे दिली जाते. ती मोजूनमापून दिली जाते, आणि ती एकतर्फी नसते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉईस यांचे उदाहरण या बाबतीत मला फार मोलाचे वाटते. १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फिया शहरातील सातव्या वॉर्डात, काळ्या लोकांच्या वस्तीत, पाहणी करायला नेमले. शहर बिघडले ते या लोकांच्या गुन्हेगारीमुळे, अशी तेथील प्रतिष्ठितांची समजूत होती, आणि पाहणीने तिच्यावर शिक्का मारावा अशी अपेक्षा होती. ड्यूबॉईस पत्नीसह त्याच वस्तीत राहायला गेले आणि स्वतः घरोघर फिरले. वस्तीतील लोकांनी त्यांचे स्वागत केले नाही. कोणी विचित्र प्राणी असल्यासारखे आपल्याला तपासावे हे त्यांना रुचले नाही, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. १८९९ साली ग्रंथ आला. त्यात त्यांनी आपल्या लोकांतील गुन्हे, विस्कटलेले संसार, वरच्या थरातील लोकांनी खालच्यांकडे फिरवलेली पाठ, काही लपवले नाही. पण कारखान्यांची दारे या लोकांना कशी बंद होती, घरभाडे त्यांच्याकडून कसे अधिक घेतले जात होते, गुलामगिरीचा वारसा काय होता, हेही तितक्याच बारकाईने दाखवले. ज्यांनी अर्धे सत्य ऐकण्यासाठी त्यांना नेमले होते, त्यांना पूर्ण सत्य ऐकावे लागले.

आपल्या मुलीकडून अपेक्षा करायची तर ती हीच. रोटी-बेटीच्या रेषा मोजताना, त्या गल्लीला कर्ज कोणती बँक देत नाही, भाड्याने घर कोणत्या वसाहतीत मिळत नाही, नळाला पाणी किती वाजता येते, हेही तिने मोजावे. आणि उलटही. आपल्यावरील अन्यायाचे आकडे गोळा करताना, आपणच आपल्यातल्या दुबळ्यांवर करतो तो अन्याय वगळू नये. आपले काही सुशिक्षित तरुण पहिले काम उत्साहाने करतात आणि दुसरे टाळतात. त्यांचे कारण मी समजू शकतो, पण त्यांच्या मौनाचा लाभ कोणाला होतो हे पाहिले पाहिजे. घरचे धुणे घरात ठेवल्याने ते धुतले जाते असे नाही. ज्याच्या अंगावर ते मळके कपडे आहेत, त्या फकीर किंवा छप्परबंद घरातील मुलाला, माहेरी हिस्सा मागण्याची हिंमत न होणाऱ्या विधवेला विचारावे, की समाजाची अब्रू झाकण्यात त्यांची किती अब्रू झाकली गेली.

येथे 'समाज' या शब्दाविषयी थोडे विषयांतर करतो. आपल्या घरांत हा शब्द बहुधा सबब म्हणून येतो. 'आम्हाला पटते हो, पण समाजात राहायचे आहे.' लग्नात खर्च का केला, समाज. मुलीचे शिक्षण का थांबवले, समाज. सी. राईट मिल्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली एक साधे उदाहरण दिले होते: एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्या माणसाचे काय चुकले ते पाहावे, पाच कोटी कामकरी असलेल्या देशात दीड कोटी बेकार असतील तर व्यवस्थेचे काय चुकले ते पाहावे. हे शिकल्यावर विद्यार्थ्याला वाटू लागते, की सर्व दोष व्यवस्थेचाच, माणसाकडे उत्तरदायित्व नाही. मग आखिरतमध्ये हिशेब कोणाचा? पण व्यवस्था म्हणजे तरी काय? हजार घरांनी रोज केलेली तीच ती निवड. सूरह अर्-रअदच्या अकराव्या आयतीत अल्लाह एखाद्या लोकसमूहाची स्थिती, ते स्वतःमधील बदलेपर्यंत बदलत नाही, असे सांगितले आहे. तेथेही बोलणे समूहाविषयी आहे आणि बदलायचे मात्र प्रत्येकाने आहे. समाजशास्त्र चांगले शिकलेला माणूस 'समाज काय म्हणेल' हे वाक्य पूर्वीसारखे सहज बोलू शकत नाही, असा माझा अनुभव आहे.

राहता राहिली रीत. गीबतीपासून बचाव करण्याचे काही नियम हे शास्त्र स्वतःच शिकवते: नावे लिहू नयेत, संमतीविना विचारू नये, सांगणाऱ्याला नुकसान होईल असे काही छापू नये. मोठ्या शहरात हे सोपे आहे. तालुक्याच्या गावात 'बसस्थानकाजवळील एक वयस्क बांगडीविक्रेती' असे लिहिले तरी साऱ्या गावाला ती कोण हे कळते. अशा वेळी परीक्षकाला ते वर्णन कितीही आवडो, गाळलेच पाहिजे. एखादा माणूस बोलता बोलता इकडे-तिकडे पाहून काही सांगतो तेव्हा ते बोलणे अमानत होते, अशा आशयाची हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. मुलाखत घेणाऱ्यांसाठी याहून नेमका नियम मला कोठे आढळला नाही. सांगणाऱ्याने 'हे लिहू नका' असे म्हणण्याची वाट पाहायची नाही. त्याची नजर दाराकडे गेली, एवढे पुरे.

पुढील शैक्षणिक वर्षात अशी एखादी मुलगी वही आणि प्रश्नावली घेऊन आपल्या दारी येईल. तिला बसायला सांगावे. हा कागद कोण वाचणार, कोठे ठेवला जाणार, माझे नाव त्यात येणार काय, हे तिला विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि ती नीट शिकलेली असेल तर न विचारताच सांगेल. ज्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसेल तेथे तसे म्हणावे. पण जे उत्तर द्याल ते 'आमच्यात सगळे ठीक आहे' असे पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले नसावे. आणि घरातील बायकांना विचारायचे प्रश्न त्यांना विचारू द्यावेत, पुरुषांनी दिवाणखान्यातून त्यांची उत्तरे देऊ नयेत.